एकाच हंगामात दोन विजेते : कोस्टा रिकाच्या फुटबॉल लीगचे गणित

२०१९-२० च्या हंगामात कोस्टा रिकाच्या फुटबॉल लीगचे विजेतेपद कोणी मिळवले, असे तेथील एखाद्या जाणकाराला विचारले, तर उत्तर देण्याआधी तोच उलट विचारील, ‘कोणते? डिसेंबरचे की जूनचे?’ डिसेंबर २०१९ मधले विजेतेपद एरेदियानो या क्लबचे होते आणि जून २०२० मधले साप्रिसाचे. दोन्ही विजेतेपदे सारख्याच मोलाची मानली जातात, दोन्ही क्लबांच्या नोंदींत ती स्वतंत्रपणे मोजली जातात, आणि ‘खरा’ विजेता कोण हे ठरवण्यासाठी या दोघांमध्ये तिसरी लढत होत नाही. या दोन्ही वेळी अंतिम लढतीत हरलेला संघ मात्र एकच होता, तो म्हणजे अलाहुएलेन्से. युरोपातील फुटबॉल पाहण्याची सवय असलेल्या वाचकाला हा प्रकार गोंधळात टाकणारा वाटतो, कारण इंग्लंड किंवा स्पेनमध्ये वर्षभर सर्वांनी सर्वांशी खेळायचे आणि शेवटी ज्याचे गुण जास्त तो विजेता, एवढा साधा हिशेब असतो. मध्य अमेरिकेत हिशेब निराळा आहे, आणि तो समजून घेण्यासाठी हाच हंगाम सोयीचा आहे.

आधी हा देश किती लहान आहे ते लक्षात घेतले पाहिजे. कोस्टा रिकाचे क्षेत्रफळ सुमारे ५१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढे, आणि लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास आहे. देशाच्या मधोमध डोंगरांनी वेढलेले एक पठारी खोरे आहे आणि बहुतेक वस्ती तेथेच एकवटली आहे. राजधानी सान होसेलगतच्या तिबासमध्ये साप्रिसा, पश्चिमेला अलाहुएला शहरात अलाहुएलेन्से, उत्तरेला एरेदियामध्ये एरेदियानो आणि पूर्वेला इरासू ज्वालामुखीच्या पायथ्याशी कार्तागोमध्ये कार्ताहिनेस, असे देशातील चारही परंपरागत क्लब या एकाच खोऱ्यात आहेत. यांच्यातील कोणताही सामना पाहून प्रेक्षक रात्री घरी परतू शकतो. उरलेले संघ मात्र दूरवर विखुरलेले आहेत. उत्तरेकडील सान कार्लोस, कॅरिबियन किनाऱ्यावरील लिमोन, निकोया द्वीपकल्पावरील हिकाराल आणि दक्षिणेकडील पेरेस सेलेदोन ही त्यांतील काही नावे. पेरेस सेलेदोनला जाणारा रस्ता ‘सेर्रो दे ला मुएर्ते’, म्हणजे मृत्यूचा डोंगर, या घाटातून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर चढतो आणि मग पुन्हा सखल भागात उतरतो. त्यामुळे गुणतक्त्यात ‘परक्या मैदानावरचा सामना’ एवढीच नोंद दिसत असली, तरी प्रत्येक परके मैदान सारखेच परके नसते.

२०१९-२० मध्ये लीगमध्ये बारा संघ होते. वर्षाचे दोन भाग केलेले असतात. जुलैच्या सुमारास सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपणाऱ्या स्पर्धेला ‘आपेर्तुरा’, म्हणजे आरंभाची स्पर्धा, म्हणतात. जानेवारीत सुरू होऊन एरवी मे महिन्यात संपणारी स्पर्धा म्हणजे ‘क्लाउसुरा’, समारोपाची स्पर्धा. काही वर्षांपूर्वी याच स्पर्धांची नावे ‘इन्व्हिएर्नो’ आणि ‘वेरानो’ अशी होती. शब्दकोशात या शब्दांचे अर्थ हिवाळा आणि उन्हाळा असे दिलेले आहेत, आणि त्यामुळे जुलैपासूनच्या स्पर्धेला उत्तर गोलार्धातला देश हिवाळी कशी म्हणतो, असा प्रश्न पडतो. याचे कारण असे, की विषुववृत्ताजवळच्या या देशात थंडी आणि उष्णतेपेक्षा पाऊस आणि उघडीप यांवरून ऋतू ओळखले जातात. मे ते नोव्हेंबर या पावसाच्या काळाला तेथे सरसकट ‘इन्व्हिएर्नो’ म्हणतात आणि डिसेंबर ते एप्रिल या कोरड्या काळाला ‘वेरानो’. कोकणातल्या माणसाला ही वाटणी समजावून सांगावी लागणार नाही.

वर्षाचे असे दोन तुकडे करण्याची कल्पना मूळची कोस्टा रिकाची नाही. अर्जेंटिनाने १९९०-९१ च्या हंगामापासून आपेर्तुरा आणि क्लाउसुरा अशी विभागणी केली. मेक्सिकोने १९९६ मध्ये वर्षाला दोन छोट्या स्पर्धा घ्यायला सुरुवात केली आणि १९७० पासून तेथे रुळलेली बाद फेरीची पद्धत त्या दोन्हींना जोडली. मध्य अमेरिकेतील होंडुरास, ग्वाटेमाला, एल साल्वादोर अशा देशांनी पुढे याच धर्तीवर आपापल्या लीग बेतल्या. कोस्टा रिकामध्ये सुरुवातीला आपेर्तुरा आणि क्लाउसुरा यांच्या विजेत्यांमध्ये वार्षिक विजेतेपदाची लढत होत असे. २००७ च्या सुमारास ही अट गेली आणि प्रत्येक अर्ध्या वर्षाचा विजेता हा स्वतःच पूर्ण विजेता ठरू लागला.

आता २०१९-२० मधील एका स्पर्धेचा हिशेब पाहू. बारा संघांपैकी प्रत्येकाने उरलेल्या अकरा संघांशी दोनदा, एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या, खेळायचे, म्हणजे प्रत्येकाचे २२ सामने होतात. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. साखळी फेरीचे एकूण १३२ सामने संपले की पहिले चार संघ उपांत्य फेरीत जातात. पहिला चौथ्याशी आणि दुसरा तिसऱ्याशी खेळतो. या लढती दोन-दोन सामन्यांच्या असतात, दोन्ही सामन्यांतील गोलांची बेरीज करून निकाल ठरतो, आणि परतीचा सामना गुणतक्त्यात वर असलेल्या संघाच्या मैदानावर होतो. उपांत्य फेरीतील विजेत्यांची अंतिम लढतही दोन सामन्यांचीच असते.

इथपर्यंत मेक्सिकोपेक्षा फारसे वेगळे काही नाही. कोस्टा रिकाचे वेगळेपण यानंतरच्या एका नियमात आहे, आणि हा लेख लिहिण्याचे खरे निमित्तही तो नियमच आहे. साखळी फेरीत अव्वल आलेल्या संघानेच बाद फेरीचा अंतिम सामनाही जिंकला, तर तो तात्काळ विजेता ठरतो. परंतु बाद फेरी दुसऱ्या कोणी जिंकली, तर स्पर्धा संपत नाही. साखळीतील अव्वल संघ आणि बाद फेरीचा विजेता यांच्यात पुन्हा दोन सामन्यांची ‘ग्रान फिनाल’, म्हणजे महाअंतिम लढत, होते. अव्वल संघ उपांत्य फेरीतच गारद झाला असला तरी त्याचा हा हक्क शाबूत राहतो. तो घरी बसून आपला प्रतिस्पर्धी कोण, याची वाट पाहतो.

आयपीएल पाहणाऱ्या वाचकाला हे चटकन उमगेल. आयपीएलमध्ये पहिल्या दोन क्रमांकांच्या संघांना एक सामना हरूनही अंतिम फेरी गाठण्याची दुसरी संधी मिळते. कोस्टा रिकामध्ये ही सवलत फक्त पहिल्या क्रमांकाला आहे, पण ती कितीतरी मोठी आहे, कारण दुसरी संधी थेट शेवटच्या पायरीवर मिळते. इंडियन सुपर लीगने हाच पेच वेगळ्या रीतीने सोडवला. तेथे साखळीतील अव्वल संघाला ‘शील्ड’ आणि बाद फेरीच्या विजेत्याला ‘कप’ अशी दोन स्वतंत्र बक्षिसे ठेवण्यात आली. २०२३-२४ मध्ये शील्ड मोहन बागानने जिंकली आणि कप मुंबई सिटीने, त्यामुळे दोन्ही संघांच्या समर्थकांना आपणच श्रेष्ठ असे म्हणायला वाव राहिला. कोस्टा रिकाच्या नियमाने हा वाद मैदानावर नेऊन ठेवला आहे. साखळीतले सातत्य आणि बाद फेरीतली धमक यांपैकी श्रेष्ठ काय, याचा निवाडा त्या दोघांनी समोरासमोर येऊन करायचा.

मग नुसत्या साखळीवर विजेता का ठरवत नाहीत? यामागे अर्थकारण आहे. लहान देशातील क्लबांना तिकीटविक्रीचा मोठा आधार असतो, आणि विजेता महिनाभर आधीच निश्चित झाला तर शेवटच्या फेऱ्यांत मैदाने ओस पडतात. चार संघांना पुढे जाण्याची वाट ठेवली की सहाव्या-सातव्या क्रमांकावरचा संघही शेवटपर्यंत आशा धरून असतो, आणि उपांत्य फेरीपासून प्रत्येक लढतीचा एक सामना घरच्या भरलेल्या मैदानावर होतो. पण याची दुसरी बाजूही आहे. पाच महिने सातत्याने खेळणाऱ्या संघाची मेहनत एका वाईट आठवड्यात वाया जाऊ लागली, तर साखळी फेरीला अर्थच उरत नाही. महाअंतिम लढत ही या दोन टोकांमधली तडजोड आहे. माझ्या मते ती बेढब असली तरी अन्याय्य नाही. साखळी आणि बाद फेरी या दोन्हींना एकाच वेळी किंमत देणारी याहून सुटसुटीत रचना मला तरी सुचत नाही. मात्र नियम किती न्याय्य आहे याने अव्वल संघाच्या पदरात काही पडेलच असे नाही, हे २०१९ च्या डिसेंबरने दाखवून दिले.

त्या आपेर्तुरामध्ये अलाहुएलेन्सेने गुणतक्त्यात पहिला क्रमांक मिळवला. १९१९ साली स्थापन झालेल्या या क्लबला ते शताब्दीचे वर्ष होते. देशात त्याला नुसते ‘ला लीगा’ म्हणतात, लाल-काळे पट्टे ही त्याची ओळख आहे, आणि त्याच्या मैदानाला ज्यांचे नाव दिले आहे ते आलेहांद्रो मोरेरा सोतो १९३० च्या दशकात बार्सिलोनाकडून खेळले होते. एवढा थोरला क्लब, पण २०१३ मध्ये २९ वे विजेतेपद मिळाल्यापासून तिसाव्याने त्याला सतत हुलकावणी दिली होती. ‘ला ट्रेइन्ता’, म्हणजे ‘तीस’, एवढा आकडा उच्चारला तरी प्रतिस्पर्धी समर्थकांना हसू फुटावे, अशी अवस्था झाली होती. शताब्दीच्या वर्षात ती उणीव भरून निघेल असे वाटत असताना महाअंतिम लढतीत एरेदियानोशी बरोबरी झाली आणि पेनल्टी किकमध्ये अलाहुएलेन्से हरले. एरेदियानोचे ते २८ वे विजेतेपद होते. १९२१ मध्ये देशाची पहिली लीग जिंकणारा क्लबही हाच.

त्याच सुमारास साप्रिसाने एका निराळ्या आघाडीवर बाजी मारली होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये होंडुरासच्या मोताग्वाला हरवून त्याने कॉन्काकॅफ लीग जिंकली. उत्तर आणि मध्य अमेरिका तसेच कॅरिबियन देशांची फुटबॉल संघटना म्हणजे कॉन्काकॅफ, आणि तिच्या स्पर्धांत प्रवेश मिळणे हे स्थानिक लीगमध्ये वर राहण्यामागचे मोठे कारण असते. २०२३ पासून या स्पर्धेची जागा ‘मध्य अमेरिकन कप’ने घेतली आहे. तीत वीस क्लब खेळतात आणि सहा क्लब पुढे अमेरिका व मेक्सिकोच्या क्लबांशी झुंजण्यासाठी चॅम्पियन्स कपमध्ये जातात. या नव्या स्पर्धेच्या पहिल्या दोन्ही वर्षी अलाहुएलेन्सेच जिंकले.

जानेवारी २०२० मध्ये क्लाउसुरा सुरू झाला तेव्हा बारा संघांचे गुण पुन्हा शून्यावर आले होते. मार्चमध्ये देशात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले आणि लीग थांबली. शेजारच्या निकाराग्वात मात्र लीग चालूच राहिली, आणि जगभरातली मैदाने बंद असल्याने एरवी कोणाच्या खिजगणतीत नसलेले तेथील सामने त्या महिन्यांत दूरदूरच्या देशांतील लोक पाहू लागले. कोस्टा रिकाने मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, प्रेक्षकांविना, सामने पुन्हा सुरू केले. अमेरिका खंडांत इतक्या लवकर मैदानावर परतणाऱ्या लीग मोजक्याच होत्या. ज्या अर्थकारणासाठी बाद फेरी असते त्यातला तिकिटांचा भागच त्या वर्षी उरला नव्हता, तरीही उपांत्य आणि अंतिम लढती ठरल्याप्रमाणे झाल्या. जूनच्या अखेरीस रिकाम्या मैदानावर साप्रिसाने अलाहुएलेन्सेला हरवले आणि आपले ३५ वे विजेतेपद मिळवले. प्रशिक्षक होते वॉल्टर सेन्तेनो, जे खेळाडू म्हणून याच क्लबच्या २००५ च्या सुवर्णकाळात मैदानावर होते. त्या वर्षी साप्रिसा क्लबांच्या विश्वस्पर्धेत तिसरे आले होते. साप्रिसा आणि अलाहुएलेन्से यांच्या सामन्याला देशात ‘क्लासिको नासिओनाल’ म्हणतात. असा सामना प्रेक्षकांच्या आरोळ्यांविना, नुसत्या चेंडूच्या आवाजात, पाहावा लागला हे दोन्ही बाजूंच्या समर्थकांना चमत्कारिक वाटले असणार.

विजेता सहा महिन्यांत ठरत असला, तरी खाली कोण घसरणार हे मात्र वर्षाच्या बेरजेवरून ठरते. आपेर्तुरा आणि क्लाउसुरा यांतील साखळीचे गुण एकत्र करून एक संयुक्त तक्ता केला जातो, आणि त्यात तळाला असलेला संघ दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे ‘लीगा दे आसेन्सो’मध्ये, जातो. एका अर्ध्या वर्षात पडझड झाली म्हणून लगेच कोणाचे घर उद्ध्वस्त होऊ नये, असा यामागचा विचार आहे. २०१९-२० मध्ये ही पाळी कोस्टा रिका विद्यापीठाच्या संघावर आली आणि त्याच्या जागी खालून स्पोर्तिंग हा अवघ्या काही वर्षांपूर्वी स्थापन झालेला क्लब वर आला. खालच्या श्रेणीतही वर्षाला दोन स्पर्धा होतात. दोन्ही एकाच संघाने जिंकल्या तर तो थेट वर येतो, नाहीतर दोन विजेत्यांमध्ये निर्णायक लढत होते. म्हणजे वरच्या श्रेणीने सोडून दिलेली जुनी वार्षिक लढत खालच्या श्रेणीत अजून जिवंत आहे.

वर्षाला दोन विजेते देण्याचा आणखी एक परिणाम आहे, आणि जुन्या-नव्या विक्रमांची तुलना करताना तो हमखास विसरला जातो. साप्रिसाने १९७२ ते १९७७ अशी सलग सहा विजेतेपदे मिळवली, आणि त्यासाठी त्याला सहा वर्षे लागली. याच क्लबने २०२२ च्या आपेर्तुरापासून २०२४ च्या क्लाउसुरापर्यंत सलग चार विजेतेपदे मिळवली, पण ती अवघ्या दोन वर्षांत. यादीत दोन्हींची नोंद ‘सलग’ अशीच होते. २०२४ मध्ये साप्रिसाने गाठलेला चाळिसाचा आकडा वाचताना हा फरक डोक्यात ठेवला, तर १९५२ चे पहिले विजेतेपद आणि शेवटची चार यांना एकाच तागडीत तोलताना थोडा संकोच वाटतो.

सगळा मान चार मोठ्या क्लबांनाच मिळतो असेही नाही. छोट्या स्पर्धांमुळे एखाद्या गावच्या संघाला चांगले पाच महिने गाठून इतिहास घडवता येतो. पेरेस सेलेदोनने २०१७ च्या आपेर्तुरामध्ये आणि सान कार्लोसने २०१९ च्या क्लाउसुरामध्ये आपापले पहिले विजेतेपद मिळवले. वर्षभराच्या एकाच लांब लीगमध्ये, मोठ्या क्लबांच्या पैशापुढे, हे संघ शेवटपर्यंत टिकले असते असे मला वाटत नाही. केलोर नवास हा पुढे रेआल माद्रिदमध्ये गाजलेला गोलरक्षक पेरेस सेलेदोनच्याच परिसरातला आणि साप्रिसामध्ये घडलेला. २०१४ च्या विश्वचषकात उरुग्वे आणि इटलीला हरवून कोस्टा रिकाने उपांत्यपूर्व फेरी गाठली तेव्हा गोलच्या चौकटीत तोच होता. त्याच संघातला बचावपटू जॉनी अकोस्ता पुढे कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळला. गोव्यातील प्रेक्षकांनी तर या देशाचे भावी खेळाडू प्रत्यक्षच पाहिले आहेत, कारण २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोस्टा रिकाचा सलामीचा सामना मडगावच्या फातोर्डा मैदानावर जर्मनीशी झाला होता आणि त्यांनी तो १-२ असा गमावला. आज लीग पाहू इच्छिणाऱ्याला वेळही गैरसोयीची नाही. कोस्टा रिकाचे घड्याळ आपल्यामागे साडेअकरा तास असते, त्यामुळे तेथे रात्री आठला सुरू होणारा सामना इकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, चहाच्या वेळी, सुरू होतो.

अलाहुएलेन्सेचे तिसावे विजेतेपद अखेर डिसेंबर २०२० मध्ये आले, आणि ज्या एरेदियानोने वर्षभरापूर्वी पेनल्टीवर हरवले होते त्यालाच अंतिम लढतीत हरवून आले. सात वर्षांची ही वाट लोकांना फार लांबची वाटत होती, पण पूर्वेकडच्या कार्तागोमध्ये तिचे कोणाला फारसे अप्रूप नसावे. कार्ताहिनेस हा १९०६ साली स्थापन झालेला, देशातील सर्वांत जुन्या क्लबांपैकी एक. त्या शहरावर वारंवार उतरणाऱ्या धुक्यावरून त्याच्या समर्थकांना ‘ब्रुमोसोस’, धुक्यातले लोक, म्हणतात. १९२३, १९३६ आणि १९४० अशी तीन विजेतेपदे मिळवल्यावर या क्लबला विजय पारखा झाला. १९४० च्या जल्लोषात खेळाडू घोड्यांवरून थेट चर्चमध्ये शिरले आणि धर्मगुरूंनी शाप दिला, अशी एक दंतकथा शहरात सांगितली जाते. मैदानाखाली कोणीतरी बाहुली पुरून ठेवली आहे, अशीही दुसरी आहे. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या, संघ अंतिम फेरीपर्यंत येऊन हरत राहिला, आणि शापाची कथा प्रत्येक पराभवाबरोबर अधिक पक्की होत गेली.

२०२२ च्या क्लाउसुरामध्ये गेइनेर सेगुरा यांच्या मार्गदर्शनाखाली आणि क्युबाच्या मार्सेल एर्नांदेसच्या गोलांच्या बळावर कार्ताहिनेसने अंतिम लढत गाठली. समोर अलाहुएलेन्से होते. कार्ताहिनेस जिंकले, आणि १९४० नंतर प्रथमच कार्तागोमध्ये विजेतेपद आले. ज्या आजोबांनी लहानपणी आपल्या वडिलांकडून चाळीसच्या संघाच्या गोष्टी ऐकल्या होत्या, त्यांनी नातवंडांसह रस्त्यावर येऊन तो दिवस पाहिला. त्यानंतर काही आठवड्यांतच २०२२ चा आपेर्तुरा सुरू झाला. गुणतक्त्यात कार्ताहिनेससह बाराही संघांच्या नावापुढे शून्य लिहिले होते, आणि डिसेंबर यायच्या आत देशाला नवा विजेता मिळणार होता. तो मान साप्रिसाला मिळाला.